दीड किलोचा तवा

खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी कुरुंदवाडला जन्मले आणि आमच्या हुबळीत वाढले. त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत आकाश पुन्हापुन्हा टिपून बदल हेरण्याचा प्रकल्प चालत असे. त्यात २४ ऑगस्ट २०११ रोजी सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या एका दीर्घिकेत फुटलेला तारा सापडला. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं.

फुटला तो श्वेत बटू. म्हणजे जळण संपून आकसलेला, पृथ्वीएवढा तारा. वजन मात्र सूर्याच्या घरातलं. जोडीला दुसरा तारा असला तर हा त्याचं द्रव्य ओढत राहतो. चंद्रशेखर यांनी सांगितलेल्या मर्यादेजवळ, सूर्याच्या १.४ पटीपाशी, पोचला की आतला कार्बन पेटतो आणि काही सेकंदांत सगळा तारा उधळतो. (कधी दोन श्वेत बटूच एकमेकांत मिसळून फुटतात.) त्या आगीत निकेल तयार होतं. निकेलचं कोबाल्ट होतं, कोबाल्टचं लोखंड. आठवडेच्या आठवडे दिसणारा उजेड मुख्यतः या बदलाचाच.

मला वाटलं, स्वाध्यायात सांगायला परिग्रहाचं झकास उदाहरण मिळालं! शेजाऱ्याचं ओढलं, मर्यादा आली, संपला. त्यात हा तारा सर्वांत तेजस्वी झाला १० सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे दशलक्षण पर्वात आकिंचन्याचा दिवस आला तेव्हाच.

पण सांगायला तोंड उघडेना. उमास्वामींनी परिग्रहाला मूर्च्छा म्हटलंय. वस्तूंचा ढीग नव्हे, तर 'माझं' म्हणून त्यात गुंतणं. ताऱ्याचं कसलं माझं नि तुझं? आपल्याकडे ताऱ्यांना ज्योतिषी देवांची विमानं मानतात, त्या वादात मी शिरत नाही. पण द्रव्य ओढण्याचं थांबवणं काही त्या गोळ्याच्या हातात नव्हतं. सूर्याहून जड होऊनही तो अपरिग्रहीच.

आणि मी? वाटणीत सासूबाईंचा लोखंडी तवा माझ्याकडे आला. असेल दीड किलोचा. धाकट्या जाऊबाईंनी एकदाच मागितला, "वैनी, अत्तींच्या हातची आठवण म्हणून." मी म्हटलं, "बघू." त्याला चार वर्षं झाली. भाकऱ्या मी नॉनस्टिकवर करते. त्या तव्यातलं बरंचसं लोखंड अशाच कुठल्या कुठल्या ताऱ्यांनी, आपला सूर्य जन्मायच्याही आधी, उधळून दिलेलं असणार.

जाऊबाई धारवाडला असतात. वीसेक किलोमीटर. तवा अजून माझ्याच ओट्याखाली आहे.