उंदराच्या वेदनेचा हिशेब

कुणाच्या अंगावरून वारे गेले, फालिज झाला, की आमच्या कसालच्या पंचक्रोशीत पहिला प्रश्न हातापायांचा असतो. हात हलतो का? चालू लागले का? माणूस काठी टेकत तिठ्यापर्यंत आला की आपण म्हणतो, बरा झाला. पुढे तो नावे विसरू लागला, चिडू लागला, गप्प बसू लागला, तर ‘वय झाले’, ‘स्वभाव बदलला’ म्हणून आपण मोकळे होतो.

हा स्वभाव नसून मेंदूचे दुखणे असू शकते, याची साक्ष उंदरांनी दिली आहे. प्रयोगशाळेत भूल देऊन उंदराच्या मेंदूची रक्तवाहिनी बंद करतात. अमेरिकेतील स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली दाखवले, की अशा उंदरांची बुद्धी पहिल्या आठवड्यात शाबूत होती. सातव्या आठवड्यापर्यंत ती ढासळली. शरीराचे रक्षण करणाऱ्या ‘बी लिम्फोसाइट’ पेशी मेंदूच्या दुखावलेल्या भागात साचल्या होत्या. ज्या उंदरांत या पेशीच नव्हत्या, त्यांची बुद्धी तशी ढासळली नाही. घाव एका दिवसाचा, पण त्याची झीज पुढे चालूच राहते.

नीतीचा प्रश्न येथेच उभा राहतो. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याचे कलम 17 सांगते, की प्रयोगात जखमी झालेल्या प्राण्याला शुद्धीवर आल्यावर तीव्र यातना होणार असतील, तर भुलेतच त्याचे जीवन संपवावे. पण दीर्घकाळचे परिणाम पाहायचे तर घायाळ उंदराला जगवावेच लागते. त्याचे अवघे आयुष्य दोनेक वर्षांचे. त्यातले महिने आपल्यासाठी जातात.

कुणी म्हणेल, भातशेतीत आपण उंदरांना विष घालतो, तेव्हा कुठे जाते ही दया? खरे आहे. पण शेतातला उंदीर पीक खातो. पिंजऱ्यातल्या उंदराने आपले काहीच बिघडवलेले नाही. त्याला आपणच जन्माला घातले. आणि कोंडून ठेवलेल्या मुक्या जिवाची जबाबदारी कोंडणाऱ्यावर असते, हे मांजरीला उपाशी कोंडणाऱ्या बाईच्या हदीसमधून आपण लहानपणीच ऐकलेले आहे.

मग हे प्रयोग बंद करावेत का? आम्हाला तसे वाटत नाही. मात्र वाया गेलेली वेदना हा गुन्हा आहे, असे आम्ही मानतो. ‘एनएक्सवाय-059’ हे औषध प्राण्यांत गुणकारी दिसले. पण तीन हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीचा निकाल 2007 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते निरुपयोगी ठरले. प्राण्यांवरील अनेक प्रयोग पुरेशा काटेकोरपणे झालेच नव्हते, हे पुढे उघड झाले. त्या प्राण्यांनी कशासाठी सोसले? घाईने उरकलेला प्रयोग दयाळू नसतो. तो दुप्पट क्रूर असतो.

म्हणून आमच्या मते अटी चार: दुसरा मार्ग नसावा, प्राणी कमीत कमी असावेत, वेदना शक्य तितकी कमी करावी, आणि निरीक्षण प्रामाणिक व पुरते असावे. या अटी शास्त्रज्ञांसाठी झाल्या. पाचवी अट आपल्यासाठी: मिळालेले ज्ञान घरात वापरावे. फालिज झालेल्या माणसाला डॉक्टरांकडे नेताना हातापायांबरोबर त्याचे विसरणे, रडणे, रागावणेही सांगावे. आणि त्याच्या रागाला रागाने उत्तर देऊ नये. एवढेही आपण करणार नसू, तर त्या मुक्या जिवाचे देणे आपल्या माथी तसेच राहील.