जखम झाकावी, गुन्हा झाकू नये

वाचावयाचे भाग : 2 शमुवेल 13:1-22, लूक 10:30-37



यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका वाटसरूस गाठले, मारले व त्याच्या अंगावरची वस्त्रेही काढून नेली. हा दृष्टांत सांगताना प्रभूने त्या मनुष्याचे नाव, गाव वा कुळ सांगितले नाही. शोमरोन्यानेही, "या वाटेने तू एकटा का आलास?" असे त्यास विचारले नाही. त्याने जखमा बांधल्या व त्यास उतारशाळेत नेले. ज्याला दुष्टांनी एकदा उघडे केले, त्याला चारचौघांत पुन्हा उघडे करू नये, असा बोध आम्ही यातून घेतो.

ज्या स्त्रीवर वा बालकावर अत्याचार होतो, त्यांना आपले दुःख पोलिसांस, डॉक्टरांस व न्यायासनास सांगावे लागते. ते सांगणे न्यायाकरिता अवश्य आहे. परंतु तीच गोष्ट पारावर, पाणवठ्यावर व मोबाइलवर फिरू लागली, म्हणजे तिची वस्त्रे दुसऱ्यांदा हिरावली जातात. आणि या वेळी हिरावणारे आपणच असतो.

आपल्या महाराष्ट्रातीलच एक खटला पाहा. सन 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद एका गरीब, पोरक्या आदिवासी मुलीने केली. नागपूरच्या उच्च न्यायालयाने आरोपींस दोषी ठरविले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या, ही गोष्ट तिच्याच विरुद्ध गेली. तिच्या पूर्वीच्या वर्तनाचीही चर्चा झाली. सन 1979 मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी या निकालाविरुद्ध न्यायमूर्तींस उघड पत्र लिहिले, स्त्रियांनी ठिकठिकाणी आवाज उठविला, आणि 1983 साली कायदा बदलला. बलात्काराचा खटला बंद दालनात चालावा व पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा व्हावा, असे तेव्हा ठरले. पण त्या मुलीला स्वतःला या संरक्षणाचा लाभ झाला नाही. खटल्याबरोबर तिचे नाव देशभर गेले होते. आम्ही ते येथे लिहीत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्येही हीच मनाई आहे. ती मोडणाऱ्यास 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सन 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नावच काय, पण ज्यावरून पीडितेची ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट प्रसिद्ध करू नये. आपल्या खेड्यांत तर "अमक्या वाडीतल्या शिंप्याची धाकटी" एवढे म्हणणे पुरे होते.

येथे कोणी म्हणेल, "मग गप्प बसणेच बरे." नाही, बंधूंनो! तामारेची कथा आठवा. अम्नोनाने तिच्यावर बळजोरी केली. अबशालोमाने तिला गप्प राहावयास सांगितले, कारण अपराधी घरचाच होता. दावीद राजा संतापला, परंतु त्याने तिचा न्याय केल्याचे शास्त्र सांगत नाही. ती आपल्या भावाच्या घरी उदास होऊन राहिली. त्या मौनाने घराण्याची अब्रू राखू पाहिली. तामारेचे अश्रू कोणी पुसले नाहीत. जखम झाकणे ही दया होय. गुन्हा झाकणे हे अपराध्यास साहाय्य होय. या दोहोंत ज्यास भेद कळत नाही, त्याने मंडळीचा पुढारी होऊ नये.

यास्तव उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. अशी गोष्ट कानी आली तर पंच बसवून ती मिटवू नका. बालकावरील अत्याचार पोलिसांस कळविणे 2012 च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळविणारा शिक्षेस पात्र होतो. हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही पोलीस ठाण्यास खबर देता येते. त्याच कायद्याप्रमाणे बालकाची जबानी त्याच्या घरी, होईल तितके करून स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाची असते. रात्री त्यास ठाण्यात ठेवता येत नाही. साक्षीच्या वेळी ते आरोपीच्या नजरेस पडू नये याची व्यवस्था न्यायालयाने करावयाची असते. हे हक्क त्या घरच्या भोळ्या मायबापांस समजावून सांगा, व त्यांच्याबरोबर चालत जा.

आणि प्रार्थनासभेत जपा. "अमक्याच्या मुलीवर असा प्रसंग आला, तिच्याकरिता प्रार्थना करा," असे उभे राहून सांगणारा भक्तीच्या वस्त्राखाली चहाडी करतो. "एका दुःखी घराकरिता प्रार्थना करू या," एवढे म्हणणे पुरे आहे. नाव देवाला ठाऊक आहे.

ती मुलगी पुढल्या रविवारी उपासनेस येईल. तिच्या पावलांबरोबर माना वळतील की न वळतील, यावरून आपली मंडळी त्या वाटेवरून बाजूने निघून जाणाऱ्यांची आहे की जखमा बांधणाऱ्याची, हे तिला कळेल. तिला जागा करून द्या, नेहमीप्रमाणे सलाम करा, आणि गीताचे पुस्तक तिच्या हाती द्या.