तोच की दुसरा?

गेल्या पावसाळ्यात बाबांचा पीसी बंद पडला. बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरायचा आणि थांबायचा. डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याने एसएमपीएस बदलून पाहिला, रॅम काढून पुन्हा बसवली आणि शेवटी म्हणाला, "बोर्ड गेलाय."

२०१६ साली बाबांनी लॅमिंग्टन रोडवर जाऊन, एकेक भाग निवडून हे मशीन जोडून घेतलं होतं. त्या पिढीच्या प्रोसेसरला चालणारा नवा बोर्ड मिळेना. म्हणून बोर्ड नवा, आणि त्याच्यासाठी प्रोसेसरही नवा. डीडीआर-४ रॅम चालेल असा बोर्ड शोधला, त्यामुळे रॅम जुनी राहिली. कॅबिनेट, एसएमपीएस आणि एसएसडीही जुनंच. दुरुस्तीवाला म्हणाला, "आता हा नवाच पीसी समजा, साहेब." घरी आईने विचारलं, "पण ह्यांचाच आहे ना?"

दोघांचंही म्हणणं मला पटलं. पंचाईत तिथेच होती.

हा प्रश्न फार जुना आहे. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. अथेन्सकरांनी ते जहाज जपलं. कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत गेले. मग तत्त्वज्ञ वाद घालू लागले, की हे तेच जहाज की दुसरं? पुढे सतराव्या शतकात हॉब्जने त्यात आणखी एक पाचर मारली. काढलेल्या फळ्या कुणी जमवून त्यांचं पुन्हा जहाज बांधलं तर खरं जहाज कोणतं? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतो. रथ म्हणजे चाकं का? आस का? दांडा का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. भाग एकत्र आले की त्यांना 'रथ' म्हणायचं, एवढंच शेवटी उरतं. वेगळा असा रथ आत कुठे बसलेला नसतो.

वाचताना हे सगळं छान वाटतं, कारण त्यावर काही अडलेलं नसतं. माझं अडलं होतं.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची आहे आणि नवा बोर्ड यूईएफआयनेच सुरू होतो, त्यामुळे जुनं विंडोज उठणारच नाही. "फॉरमॅट मारतो. तासाभरात नवीन विंडोज, सगळे ड्रायव्हर टाकून देतो. एकदम स्वच्छ." मी हो म्हणणारच होतो. पण डिस्कवर बाबांचे वीस वर्षांचे हिशेब होते, म्हणून मशीन घरी आणलं आणि पलंगाशी जाऊन विचारलं, "बाबा, सगळं पुसून नवीन टाकू?"

बाबांना आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि बोलणं गेलं. बोललेलं त्यांना कळतं, पण शब्द ओठांवर येत नाहीत. त्यांनी डावा हात उचलला आणि जोराने हलवला. नाही.

आणि माझ्या लक्षात आलं, की आठ महिन्यांत मी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न होता. पाणी हवं का, उशी सरकवू का, हे सोडून.

त्या रात्री डिस्कची नक्कल काढून ठेवली आणि मग एमबीआर-टू-जीपीटी या विंडोजमधल्याच साधनाने डिस्कची मांडणी बदलली. त्यात फाइली जागच्या जागी राहतात. मशीन उठलं, बराच वेळ नवे भाग ओळखत बसलं आणि पासवर्ड मागू लागलं. पासवर्ड मला माहीत नव्हता. बाबांना माहीत होता, पण सांगता येत नव्हता. सकाळी त्यांना खुर्चीत बसवलं, कीबोर्ड पुढे ओढला. डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी दोनदा चुकीचा टाकला. तिसऱ्यांदा डेस्कटॉप उघडला.

पुढचं काम ड्रायव्हरचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणांची रांग होती. चिपसेट, नेटवर्क, ऑडिओ, सगळे भाग बोर्डावर धडधाकट, पण सिस्टिमच्या लेखी ती 'अनोळखी उपकरणं'. नेटवर्कचा ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला तोच ड्रायव्हर हवा, म्हणून फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरलं. एकेक खूण जात गेली. बाबा बाजूला बसून पाहत होते. त्यांच्याबाबत मीच ती सिस्टिम झालो होतो, हे मला तेव्हा नीट दिसलं. माणूस आत शाबूत होता. मी त्याच्यावर 'अनोळखी' अशी खूण करून मोकळा झालो होतो.

शेवटी परवान्याचा निरोप आला. मशीनसोबत घेतलेला विंडोजचा ओईएम परवाना त्या मशीनला बांधलेला असतो, आणि मशीन ओळखायचं ते मुख्यतः मदरबोर्डावरून. बिघडलेल्या बोर्डाच्या जागी तसाच बोर्ड आला तर परवाना टिकतो. वरच्या पिढीचा घातला तर नियमाप्रमाणे तो नवा संगणक. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "बोर्ड खराब झाला म्हणून बदलला एवढंच सांगा, पुढचं बोलू नका." हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. तरी माझं मन लगेच वकिली करू लागलं. डिस्क तीच, फाइली त्याच, पासवर्ड टाकणारा तोच. मग संगणक तोच नाही तर काय?

हीच वकिली मी याआधी एकदा केली होती. झटक्यानंतर बाबांची सही जुळेना. बँकेचा माणूस घरी आला, दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेतला. मी चिडलो होतो. "माणूस तोच आहे, समोर बसलाय, सही काय बघता?" त्याच आठवड्यात हॉस्पिटलसारखा पलंग लावायला जागा हवी म्हणून बाबांची पुस्तकांची दोन कपाटं मी रिकामी केली आणि पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली. विचारलं नाही. आईला म्हणालो, "आता ते पूर्वीचे बाबा राहिले नाहीत, त्यांना काय कळणार?" बाबा पलीकडच्याच खोलीत होते.

म्हणजे पैसे काढायचे तेव्हा तेच बाबा, आणि कपाटं काढायची तेव्हा दुसरे.

लॉकने माणसाची ओळख स्मृतीशी जोडली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच प्रकरणात त्याने आणखी एक गोष्ट म्हटली आहे: 'व्यक्ती' हा मुळात न्यायाच्या व्यवहारातला शब्द आहे, कोणतं कृत्य कुणाच्या नावावर मांडायचं, हे त्यावरून ठरतं. मला आता वाटतं, 'तोच की दुसरा' याचं उत्तर फळ्या मोजून मिळत नाही. तो निर्णय असतो आणि बहुधा दुसराच कुणीतरी घेतो. म्हणून तो घेणाऱ्याने स्वतःला विचारावं: 'तोच आहे' असं म्हटल्याने माझ्यावर काही देणं येतंय की फक्त येणं मिळतंय? 'बदलला' असं म्हटल्याने मी कशातून सुटतोय? उत्तर दर वेळी आपल्याच सोयीचं निघत असेल, तर तो विचार नव्हे, हिशेब आहे.

यावर कुणी म्हणेल, माणूस खरंच बदलतो, ते नाकारून कसं चालेल? नाकारायचं नाहीच. बाबांना आता वेळ लागतो, पायऱ्या चढवत नाहीत, त्याप्रमाणे घर बदलावंच लागतं. पण बदल मान्य करणं वेगळं आणि त्या बदलाच्या आडून माणसाला त्याच्याच घरातून वजा करणं वेगळं.

नव्या परवान्याचे पैसे भरले. मोठेपणा म्हणून नव्हे. एकाच आठवड्यात दोन्हीकडची वकिली करायची लाज वाटली. मग एक कोरी फाइल उघडून बाबांना विचारलं, "कोणती पुस्तकं परत हवीत?" तासाभरात त्यांनी एका बोटाने सात नावं टाइप केली. वाचनालयात तीन सापडली, चौथं कुणीतरी वाचायला नेलं होतं. उरलेल्या तिघांचा पत्ता नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं आहे.