पाते आणि खाच

दोष हाताचा की हत्याराचा, हा वाद फार जुना. आमच्या मते याचा निकाल पोथीपेक्षा घड्याळजीच्या मेजावर लवकर लागतो. (पोथी पढलेल्यानेच हे म्हणावे, यात गंमत आहे खरी!)

चावीच्या घड्याळातले स्क्रू खसखशीएवढे. त्यांच्यासाठी जाणता कारागीर एक पेचकस नव्हे, पुरती रांग बाळगतो. पात्याची रुंदी ०.६० मिलिमीटर, मग ०.८०, १.००, १.२० अशी चढत ३.०० पर्यंत जाते. निवड मात्र डोळ्यानेच करायची. पाते खाचेच्या लांबीएवढे असावे, पण स्क्रूच्या डोक्याबाहेर डोकावू नये; डोकावले की भोवतालचा धातू खरवडलाच. अरुंद घेतले तर सारा जोर थोड्याशा जागेवर येऊन खाच फाटते. जाड पाते खाचेच्या ओठांवरच अडते, पातळ आत डुलते आणि निसटते. म्हणून विकत आणले की भागले, असे नाही. पाते निसण्यावर घासून खाचेजोगे करावे लागते.

अगदीच विजोड पाते तितके घातक नाही, ते बिचारे आत जातच नाही. घात करते ते जवळजवळ बसणारे! त्याने स्क्रू सुटतो, घड्याळही चालते, आणि मन म्हणते, चालले ना, मग झाले.

येथे कोणी शंका घेईल, ‘बुवा, झाकण लावल्यावर ओरखडा दिसतो कोणाला?’ मालकाला खरेच दिसत नाही. पण तेल सुकते, काही वर्षांनी घड्याळ पुन्हा उघडावे लागते. एचएमटीची ‘जनता’ घ्या. ती घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, घड्याळे मात्र अजून मनगटांवर आहेत. फाटकी खाच पुढच्या कारागिराच्या हाती येते आणि त्याला कोणतेच पाते बसत नाही. त्याने कोणाचे काय बिघडविले होते? मजुरी देतो एक, आणि आपण देणे लागतो दुसऱ्याचे. काही घड्याळांत चावीकडच्या एका चाकाचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. कित्येकदा त्याच्या डोक्यावर तीन रेघा कोरलेल्या आढळतात. ती खूण कोणासाठी? पुढे उघडणाऱ्यासाठीच ना?

बरे, गरिबापाशी तीनच पेचकस असले तर? निगुतीने घासलेले तीन, न घासलेल्या नवांहून बरे. आणि तिन्हींतला एकही बसत नसेल, तर घड्याळ तसेच परत द्यावे, असे आम्ही म्हणू. त्या दिवशीची चूल कदाचित त्याच घड्याळावर पेटायची असते, हेही आम्ही जाणतो.