चार तासांची बस

जानेवारीतला रविवार. मुंबई मॅरेथॉनसाठी सीएसएमटीसमोर पहाटेच्या अंधारात हजारो धावपटू उभे होते. त्यांत एक तरुण होता. त्याची आजवरची सर्वोत्तम वेळ ४ तास १२ मिनिटं, आणि यंदा त्याला चारच्या आत यायचंच होतं. म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, दर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद.

त्याच्या पुढे पाठीवर '४:००' असा झेंडा लावलेले एक काका होते. ते पेसर. एरवी साडेतीन तासांत पळणारा हा माणूस त्या दिवशी मुद्दाम अर्धा तास हळू पळणार होता, मागच्यांची वेळ साधावी म्हणून. पेसरमागच्या घोळक्याला धावणारे 'बस' म्हणतात. तरुण त्या बसमध्ये सामील झाला.

मरीन ड्राइव्हवर हवा गार होती, पाय हलके होते. त्याला राहवेना.

"काका, या वेगात माझी मिनिटं वाया चाललीत. मी पुढे होतो."

"सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं. आत्ता जपलेलं परतीच्या पेडर रोडच्या चढावर कामी येतं. पण शर्यत तुझी आहे, तू ठरव."

तो निघून गेला. काकांनी हाक मारली नाही आणि वेगही वाढवला नाही. मला त्यांचा खरा मोठेपणा इथेच दिसतो. एकाला गाठायला ते धावले असते, तर त्यांच्या भरवशावर मागे येणारे सगळेच दमले असते.

सी लिंकवर तरुण बसच्या बराच पुढे होता. माहीमलाही होता. परतताना वरळीत ऊन लागलं आणि पाय जड झाले. स्नायूंत साठलेली साखर वेगाने पळणाऱ्याची लवकर संपते, आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास शरीर तिचा हिशोब मागतं. कमावलेली मिनिटं हाजी अलीपर्यंत गळून गेली. पेडर रोडच्या चढावर तो चालत होता.

मागून आवाज आला, "पावलं लहान टाका. चढावर वेळ गेला तर जाऊ द्या, उतारावर थोडा भरून निघेल."

झेंडा त्याच्या बरोबरीला आला. तरुणाने मान खाली घातली. काकांनी खिशातलं एनर्जी जेल त्याच्या हातावर ठेवलं. "हे घे, वर पाणी पी, आणि माझ्या मागे ये. बसमध्ये जागा आहे."

तो मागे लागला. चौपाटीपर्यंत टिकला, मग हळूहळू सुटत गेला. चर्चगेटजवळ काकांनी बसमधल्या सगळ्यांना पुढे काढलं, "आता जमेल तितकं पळा, माझ्यासाठी थांबू नका!" सुरुवातीपासून झेंड्यामागून न हललेल्या एक पन्नाशीच्या बाई त्या हाकेसरशी सुटल्या आणि पहिल्यांदाच चारच्या आत आल्या.

तरुणाची वेळ आली ४ तास ३ मिनिटं. चारच्या आत नाही, पण स्वतःच्या जुन्या वेळेपेक्षा ९ मिनिटं कमी. तो काकांना शोधत गेला आणि पाया पडला.

"काका, हा झेंडा मिळायला काय लागतं?"

"आपल्या वेळेपेक्षा साधारण अर्धा तास हळू, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं पळता यायला हवं."

"मग मला साडेचारचा मिळेल?"

"मिळेल की. साडेचारची बस अजून यायची आहे. केळं खा आणि थांब इथेच. तो पेसर शेवटच्या किलोमीटरला माणसं कशी आणतो, ते बघू."