ऋषीचे कूळ आणि वानराचे मूळ



गेल्या साली एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाला आम्ही गेलो होतो. रात्रीचे कीर्तन चांगले रंगले होते. नरदेहाच्या दुर्लभतेचे निरूपण चालले असता बुवांनी मध्येच एक चुटका सोडला. "शाळेत म्हणे शिकवितात, की तुमचा खापरपणजा माकड होता. अहो, ज्याचा असेल त्याचा असो! आमचा तर नव्हता!" मंडपात हशा पिकला. टाळकरी हसले, विणेकरी हसले आणि, खरे सांगावयाचे तर, आम्हीही हसलो.

कीर्तन आटोपून मुक्कामाच्या घरी परतताना त्या घरचा मुलगा हातात बॅटरी घेऊन आमच्या पुढे चालत होता. दहावीतला पोर; काकड्याला न चुकता येणारा, पखवाजावर हात बसत चाललेला. तो एकाएकी म्हणाला, "आबा, आमचे सर सांगतात ते एक, अन् महाराज सांगतात ते एक. पेपरात एक लिहायचं आणि मनात दुसरंच ठेवायचं, असं चालतं का हो?"

आम्ही म्हणालो, "उशीर झाला आहे बाळ, झोप आता."

पोर गप्प झाला, पण त्याचा प्रश्न काही गप्प बसला नाही. मनात एक आणि ओठांवर एक ह्यालाच तर आपले संत दंभ म्हणतात. त्या दंभाची वाट एका कोवळ्या पोरास आम्ही आपल्या मौनाने दाखविली, ही खंत आम्हांस वर्षभर टोचत राहिली. त्या रात्री जे उत्तर द्यावयास हवे होते, ते आज येथे देत आहोत.

बुवांचा तो चुटका त्यांच्या पदरचा नव्हता. वरून खाली झिरपत आलेला होता. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, एक वैदिक संमेलन भरले होते. तेथे त्या वेळचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह ह्यांनी सांगितले, की डार्विनचा सिद्धांत शास्त्रदृष्ट्या चूक आहे; वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून ठेवलेले नाही, की सांगितलेले नाही; सबब शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमातून तो बदलला पाहिजे. हे गृहस्थ अडाणी नव्हेत. रसायनशास्त्र शिकलेले आणि एके काळी मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्यांचे म्हणणे खोडून काढले. त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर ह्यांनीही अशी विधाने टाळण्यास त्यांना सांगितले. पण शब्द एकदा सुटला, की तो गावोगाव फिरतो. मंडपातला हशा हा त्याचाच प्रतिध्वनी होता.

प्रथम त्यांचा मुद्दा घेऊ. कोणी पाहिले?

अहो, आपल्या सातव्या पिढीच्या आजोबांना तरी कोणी पाहिले आहे? त्र्यंबकेश्वरी गेलो, की तीर्थोपाध्याय जुनी वही काढतात, तीत नाव सापडते आणि आपण हात जोडतो. वही नीट राखलेली असली, की डोळ्यांनी पाहण्याची गरज उरत नाही. पृथ्वीनेही अशीच एक वही राखली आहे. खडकांच्या थराखाली थर, आणि त्यांत त्या त्या काळच्या जीवांची हाडे. दुसरी वही प्रत्येक जीवाच्या पेशीपेशीत आहे. बापाचे नाक मुलाला ज्या सूक्ष्म लिखाणामुळे येते, ते लिखाण. ह्या दोन्ही वह्या ताडून पाहिल्या तर त्यांची साक्ष जुळते.

आणि पाहिलेच पाहिजे असा हट्ट असेल, तर आमच्या शेतकरी बांधवांनी ते पाहिलेही आहे. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसास परवानगी मिळाली. ह्या कपाशीच्या अंगातच बोंडअळीला मारणारे विष तयार होते. पहिली काही वर्षे अळी हटली. परंतु लाखो अळ्यांत एखादी अशी निघतेच, की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिची पिलावळ वाढली आणि तिचा गुण पिलावळीत उतरला. वर्षानुवर्षे ही चाळणी चालली, आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ, मराठवाडा, खानदेशात गुलाबी बोंडअळीने हातातोंडाशी आलेला कापूस खाल्ला. डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथात जी निवड सांगितली, ती हीच. बियाण्याच्या पिशवीबरोबर साध्या कपाशीची एक वेगळी पुडी मिळत असे. ती कडेने पेरावी, म्हणजे साध्या अळ्याही जगतील, दोहोंचा संकर होईल आणि विष पचविण्याचा गुण सगळीकडे पसरणार नाही, असा त्यातला हिशेब होता. पुष्कळांनी ती पुडी बांधावर टाकून दिली, कारण तिचे मर्म त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. मंत्रिमहोदय औरंगाबादेस बोलत होते, तेव्हा तो हंगाम भोवतालच्या शेतकऱ्यांच्या हातचा नुकताच गेलेला होता! मूळ समजून न घेण्याची किंमत कोण मोजतो, हे ह्यावरून ध्यानी यावे.

कोणी म्हणेल, अळीची अळीच राहिली, माकडाचा माणूस कोठे झाला? शंका रास्त आहे. पण आजच्या माकडाचा माणूस झाला, असे शास्त्र म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी ह्यांचा एक समान पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला आणि त्याच्या दोन शाखा निघाल्या, एवढेच त्याचे म्हणणे. तेव्हा तो आपला पणजा नव्हे, चुलतभाऊ आहे. पंधरा वर्षांत अळी एवढी पालटते, तर साठ लाख वर्षांत काय न पालटेल?

आता पुढाऱ्यांच्या विरोधामागे नेहमी अडाणीपणाच असतो, असेही आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत विल्यम जेनिंग्ज ब्रायन नावाचे मोठे पुढारी होऊन गेले. शेतकऱ्यांचे कैवारी, तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले. देश युद्धाकडे ओढला जातो आहे असे दिसताच १९१५ साली परराष्ट्रमंत्र्याचे पद सोडून देणारे. मनुष्य खालच्या प्राण्यांपासून झाला असे सरकारी शाळेत शिकविणे टेनेसी राज्याने १९२५ साली गुन्हा ठरविले. त्यावरून डेटन गावी जॉन स्कोप्स ह्या शिक्षकावर खटला झाला, त्यात सरकारच्या बाजूने ब्रायन उभे राहिले. शिक्षकास शंभर डॉलर दंड झाला, पुढे वरच्या कोर्टाने तो तांत्रिक कारणाने रद्द केला. पण तो कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकून होता.

ब्रायन ह्यांना भय कशाचे होते? बळी तो कान पिळी हाच सृष्टीचा नियम आहे असे मुलांना शिकविले, तर दुबळ्याची दया कोण करील, ह्याचे. हे भय आम्ही हसण्यावारी नेणार नाही. डार्विनचे नाव घेऊन बलवानांनी दुर्बळांना तुडविल्याचे दाखले इतिहासात आहेत. परंतु वाचकहो, सृष्टीत काय घडते हे सांगणे वेगळे, आणि आपण कसे वागावे हे सांगणे वेगळे. विंचू नांगी मारतो हे खरे. म्हणून माणसानेही डंख मारावा, असे थोडेच ठरते? खुद्द डार्विनने १८७१ च्या ग्रंथात सर्व जीवांवरील निःस्वार्थ प्रेम हा मनुष्याचा थोर गुण मानला आहे. रोगावर इलाज दयाधर्म शिकविण्याचा करावयाचा. धडा फाडून दया वाढत नसते.

आपल्या मंत्रिमहोदयांची तक्रार मात्र निराळी. मंत्रिपद गेल्यावर, जुलै २०१९ मध्ये, ते लोकसभेत म्हणाले की आपण ऋषींची संतान आहोत. येथे मात्र वारकऱ्याने थांबून विचार केला पाहिजे, कारण हा प्रश्न आता हाडांचा राहिला नाही, अभिमानाचा झाला.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. शहाण्या माणसांनीच ती केली. मोठेपण कुळात नसते, करणीत असते, हे तिचे सार. आणि आपल्या संप्रदायाचा तर पायाच हा. संन्याशाची पोरे म्हणून हिणविलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली. ज्या औरंगाबादेस हे भाषण झाले, तेथून पैठण फार लांब नाही. तेथे ज्यांनी ह्या पोरांना अडविले, त्यांना आपल्या ऋषिकुळाचाच ताठा होता. आणि त्या ताठ्याला माउलींनी उत्तर दिले, अशी परंपरा सांगते, ते एका रेड्याच्या मुखाने! मी मोठ्या कुळातला असे माउली म्हणाले नाहीत. ह्या रेड्यात आणि माझ्यात एकच आत्मा आहे, असे त्यांनी दाखविले. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली. नामदेवराय पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. चोखोबांना तर कुळाच्या नावाखाली देवाच्या दारातूनच लोटले गेले. अशा संतांचे आपण वंशज म्हणवितो, आणि वानर आपला चुलता निघाला तर आपली अब्रू जाते? अहो, गावच्या वेशीवर ज्या मारुतिरायापुढे आपण नारळ फोडतो, त्याचे रूप तरी कोणते आहे?

उलट टोकाचा मोहही टाळावा. हे सगळे आमच्या ग्रंथांत आधीच आहे, चौऱ्यायशी लक्ष योनी म्हणजे डार्विनच, असे म्हणणारे प्रवचनकारही आम्ही ऐकले आहेत. तेही बरोबर नाही. चौऱ्यायशीचा फेरा ही जीवाच्या कर्माची कथा. उत्क्रांती ही देहाच्या घडणीची. एकाच्या दाव्यात दुसऱ्याला साक्षीदार म्हणून ओढू नये. संतांची थोरवी कोण्या शास्त्रज्ञाच्या शिक्क्यावर टांगलेली नाही.

मग हा निवाडा करावा कोणी? २००७ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या दहा इच्छुकांना भर सभेत विचारले गेले, की उत्क्रांती न मानणारे कोण? तिघांनी हात वर केले. हातांनी सरपंच निवडावा, खासदार निवडावा; पृथ्वीचे वय हात वर करून ठरत नाही. पुढाऱ्याला आपली श्रद्धा असावी, जरूर असावी. पण ती मुलाच्या पुस्तकावर लादण्याचा अधिकार त्याला नाही. आपल्याकडे २०२३ साली केंद्राच्या दहावीच्या विज्ञानपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. ओझे कमी केल्याचे कारण सांगण्यात आले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून तो परत घेण्याची विनंती केली. बारावीच्या जीवशास्त्रात तो होता खरा. पण दहावीनंतर जी मुले विज्ञान सोडतात, त्यांच्या कानी तो पडावयाचा कधी? त्यांतीलच कोणी उद्या कपाशी पेरणार आहेत.

यंदाच्या सप्ताहात तो मुलगा पुन्हा भेटला. ह्या खेपेस आम्हीच विषय काढला. म्हणालो, "बाळ, गेल्या वर्षी तुला झोपायला सांगितले, ती आमची चूक झाली. पेपरात लिहिशील तेच मनातही असू दे. देह कसा घडला हे सरांना विचार. ह्या देहाने वागावे कसे, हे संतांना विचार. दोघेही खोटे सांगत नाहीत."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आबा, महाराजांचा तो विनोद?"

"त्याला आम्ही हसलो होतो," आम्ही म्हणालो, "पुन्हा हसणार नाही."

रामकृष्ण हरि.