उपपुराण

आमच्या घराण्यात 'उप' हा उपसर्ग तीन पिढ्या सुखाने नांदतो आहे. आजोबा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दुय्यम कारकून होते, म्हणजे दुय्यमाचेही दुय्यम. वडील सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. आणि मी एका शाळेत एकोणीस वर्षं उपमुख्याध्यापक होतो. 'उप'ने सुरू होणारे शब्द मराठीत फारसे भाग्यवान नाहीत. उपवास, उपद्रव, उपहास, उपेक्षा. त्यातल्या त्यात उपमा बरा. पण तोही शिऱ्याशेजारी मांडला की पाहुण्यांचा हात आधी शिऱ्याकडेच जातो.

त्यामुळे दुय्यम माणूस कुठेही दिसला तरी मी त्याला लांबून ओळखतो. समारंभाच्या फोटोत अर्धा कापला गेलेला तो. सत्काराच्या वेळी हाराची पुडी सोडून देणारा तो. आणि गवई दाद घेत असताना मागे तंबोऱ्यावर बोटं चालवत छताकडे बघणाराही तोच. पण आमच्या या गोत्रातली एक बाई मला सातासमुद्रापलीकडे, बास्केटबॉलच्या मैदानावर भेटेल असं काही वाटलं नव्हतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं मुलीकडे कनेक्टिकटला होतो. जावई हार्टफर्डला विमा कंपनीत आहे. त्या गावात विमा कंपनीत नसलेला माणूस शोधून काढावा लागतो. बर्फ बघण्याचा माझा उत्साह तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी जावई म्हणाला, "बाबा, मॅचला येताय? युनिव्हर्सिटीच्या मुलींची आहे." मी 'हो' म्हटलं. घरात हीटरपुढे बसून हिच्याबरोबर साताऱ्याच्या आठवणी काढण्यापेक्षा ते बरं होतं.

स्टॉर्स हे एवढंसं गाव. तिथलं विद्यापीठ १८८१ साली शेतकी शाळा म्हणून सुरू झालं, आणि अजूनही त्यांच्या डेअरीचं आइस्क्रीम लोक हौसेने खातात. आणि अशा गावात मुलींचा कॉलेजचा सामना बघायला हजारो माणसं! म्हाताऱ्याकोताऱ्या बायका अंगात संघाचे सदरे घालून आल्या होत्या. माझं बास्केटबॉलचं ज्ञान बेताचंच. आमच्या शाळेतल्या रिंगच्या खांबाला पंधरा ऑगस्टला पताका बांधायच्या, यापलीकडे त्या खांबाचा नि माझा संबंध आला नव्हता. तेव्हा खेळ सोडून मी माणसं बघत बसलो.

मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएम्मा हे रेषेवर उभे राहून हातवारे करत होते. त्यांच्या बाजूला खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. टाइम-आउट झाला. मुली येऊन बसल्या. पण प्रशिक्षक लगेच मुलींकडे गेले नाहीत. आधी दोन पावलं बाजूला सहायकांचं कोंडाळं झालं. बाई काहीतरी बोलल्या. प्रशिक्षकांनी मान हलवली. मग ते मुलींपुढे गेले आणि जणू आत्ताच सुचलंय अशा आवेशात बोलू लागले.

माझ्या अंगावर काटाच आला. हे मी एकोणीस वर्षं जगलो होतो! आमचे मुख्याध्यापकही शिक्षकसभेच्या आधी मला केबिनमध्ये बोलवत, मी काय म्हणतो ते ऐकून घेत आणि सभेत सुरुवात करत, "काल रात्री झोपताना माझ्या मनात एक विचार आला..."

"त्या बाई कोण गं?" मी नातीला विचारलं.

"त्या सीडी. क्रिस डेली. असोसिएट हेड कोच."

पुढची माहिती मी घरी येऊन मिळवली. ऑरिएम्मा आणि डेली १९८५ साली एकदमच या विद्यापीठात आले. पहिल्या हंगामात बारा सामने जिंकले, पंधरा हरले. त्यानंतर जिंकण्यापेक्षा हरणं जास्त असा हंगाम पुन्हा आला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑरिएम्मांनी १२१७ वा सामना जिंकला आणि कॉलेज बास्केटबॉलमधले सगळे विक्रम मागे टाकले. हा १२१७ चा आकडा ऑरिएम्मांच्या नावावर आहे. सहायकाच्या नावापुढे असा रकानाच नसतो. आमच्या शाळेतही दहावीचा निकाल मुख्याध्यापकांच्या नावावर लागे. गळके नळ माझ्या नावावर.

सहायक प्रशिक्षक करतो तरी काय? गावोगावच्या शाळांतून फिरून गुणी मुली हेरतो, त्यांना पत्रं लिहितो, फोन करतो, त्यांच्या आईबापांसमोर बसून 'तुमची मुलगी आमच्याकडे सुखात राहील' असं सांगतो. (हे वर्णन वधूसंशोधनासारखं वाटतं, आणि आहेही तसंच.) पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती रात्र रात्र बघतो. मुलींचा अभ्यास, रुसवे, घरची आठवण, सगळं निस्तरतो. आणि संघ हरत गेला, मुख्य प्रशिक्षकाला नारळ मिळाला, की बहुधा सहायकांनाही त्याच्याबरोबर सामान बांधावं लागतं. म्हणजे विजयात वाटा नाही, पण गच्छंतीत आहे.

हे सगळं मी रात्री जेवताना मोठ्या उमाळ्याने सांगितलं. शेवटी म्हणालो, "बघा, चाळीस वर्षं! याला म्हणतात निष्ठा. मोठेपणाचा मोह नसलेली माणसं जगात अजून आहेत."

हे बोलताना माझा रोख कुणाकडे होता ते जावयाखेरीज सगळ्यांना कळलं. १९९४ साली संस्थेने मला तालुक्याच्या गावच्या शाखेचं मुख्याध्यापकपद देऊ केलं होतं आणि मी ते नाकारलं होतं. "सरांना सोडून कसा जाऊ?" हे माझं तेव्हाचं वाक्य. आमच्या घरात ते इतक्या वेळा बोललं गेलंय, की नातीच्या कच्च्या मराठीतही ते पाठ आहे.

"पण आजोबा," नात म्हणाली, "तुम्हाला हेड व्हायचं नव्हतं, की भीती वाटत होती?"

अमेरिकेतली मुलं फार बोलतात, असं म्हणून मी ताक मागितलं.

पण झोप काही लागेना. प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर गेली तीस वर्षं मी कुणी विचारू नये अशा बेताने वागत आलो होतो. समाधानी माणूस आणि भित्रा माणूस बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोघंही मागच्या खुर्चीत बसलेले असतात, दोघांच्याही चेहऱ्यावर तेच सौम्य हसू असतं, आणि दोघांनाही गीतेतला कर्मयोग आवडतो. मग ओळखायचं कसं?

मी आणखी दोघी शोधून काढल्या. टेनेसी विद्यापीठात पॅट समिट नावाच्या थोर प्रशिक्षिका होऊन गेल्या. १०९८ विजय, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं. त्यांच्या हाताखाली १९८५ पासून दोन सहायक होत्या, मिकी डिमॉस आणि हॉली वॉर्लिक. डिमॉस अठरा वर्षांनी, २००३ साली बाहेर पडल्या. केंटकीत मुख्य प्रशिक्षक झाल्या, चार वर्षं ते काम केलं, सोडलं, आणि काही वर्षांनी पुन्हा समिट यांच्याकडे सहायक म्हणून परत आल्या. आपल्याकडे असं कुणी केलं तर नातेवाईक वर्षभर हळू आवाजात बोलतील. वॉर्लिक मात्र सत्तावीस वर्षं तिथेच होत्या. २०११ साली समिट यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. त्या हंगामात बाईंच्या वाट्याचं बरंचसं काम वॉर्लिक यांनी उचललं आणि २०१२ साली ती खुर्चीच त्यांच्याकडे आली. सात हंगामांत तीनदा त्यांनी संघ शेवटच्या आठांत नेला. पण आधीच्या बाईंची आठ अजिंक्यपदं दारात उभी होती. २०१९ साली त्यांना काढून टाकण्यात आलं.

वॉर्लिक यांची हकीकत वाचून आधी मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बघा, मोठ्या खुर्चीत बसायला गेलं की असं होतं! पण हा आनंद पाच मिनिटंच टिकला. कारण २०१२ साली त्या खुर्चीत कुणीतरी बसायलाच हवं होतं. ज्या बाईंकडे आपण खेळलो, ज्यांच्या शेजारी सत्तावीस वर्षं बसलो, त्यांची आठवण डोळ्यांदेखत विझते आहे आणि मुली तर समोर उभ्या आहेत. अशा वेळी "सर आल्यावर बघू" असं म्हणता येत नाही.

आणि हे वाक्य मनात आलं मात्र, मी अंथरुणात उठून बसलो.

'सर आल्यावर बघू' हे माझं वाक्य होतं. मुख्याध्यापक रजेवर गेले की शाळेचा कारभार माझ्याकडे येई आणि शाळा जागच्या जागी थांबे. सहलीची तारीख? सर आल्यावर बघू. मुलाला शाळेतून काढायचा की नाही? सर आल्यावर. एकदा पाण्याच्या टाकीचा पाइप फुटला, तेव्हाही शिपायाला मी हेच सांगितलं. सर आठ दिवसांनी आले. तोवर पटांगणात बेडूक आले होते.

आणि डेली? २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ऑरिएम्मांना कोविड झाला आणि पहिल्या दोन सामन्यांना ते हजर राहू शकले नाहीत. बाईंनी संघ उतरवला, दोन्ही सामने जिंकले आणि ते आल्यावर पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मला वाटतं, फरक आहे तो इथे. पुढची खुर्ची आपल्याला पेलते हे ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो मागे बसतो, तो समाधानी. पेलते की नाही हे कळायची वेळच येऊ नये म्हणून जो मागे बसतो, तो मी.

सकाळी हे सगळं हिला सांगितलं. ही चहा गाळत होती. कबुलीजबाब देताना समोरचा माणूस चहा गाळत असला की बरं पडतं.

"एवढं कळायला तुम्हाला अमेरिकेला यावं लागलं?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "त्या गावात मुलींच्या शाळेत जागा होती. बी. एड. झालेल्या बाईची."

"तू कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत? घरी आलात ते 'नाही म्हणून आलो' असं सांगतच. ट्रंकेत घालायला मी माझी सर्टिफिकेटं काढून ठेवली होती."

आता मात्र माझ्याकडे बोलायला काहीच उरलं नाही. माझा 'त्याग' हा माझ्या एकट्याचा आहे अशी माझी तीस वर्षं समजूत होती. नम्रता हा माझा घरगुती मामला आहे, त्याने कुणाचं काय बिघडतं, असं वाटायचं. पण जो माणूस स्वतः मागे राहतो त्याच्याही मागे कुणीतरी उभं असतं, आणि त्याने पाऊल उचललं नाही की त्या माणसालाही जागा मिळत नाही. उपाच्या घरात हा एक उपउप असतो. आमच्या आजोबांच्या कचेरीतही बहुधा असावा.

"त्या सीडीबाईंचं जाऊ द्या," ही पुढे म्हणाली, "पण तिथेही पुढे पुरुष, मागे बाई, हे दिसलं का तुम्हाला?" खरं तर यावर बोलण्यासारखं होतं. अमेरिकेत १९७२ साली मुलींच्या खेळांना बरोबरीचा हक्क देणारा कायदा झाला, तेव्हा सगळे खेळ मिळून मुलींच्या कॉलेज संघांपैकी शंभरात नव्वदांहून जास्त संघांच्या मुख्य प्रशिक्षक बायकाच होत्या. कायद्याने खेळात पैसा आला, पैशामागून पुरुष आले, आणि पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. पण ही आकडेवारी त्या क्षणी हिच्या बाजूची होती, म्हणून मी ती गिळली.

वाचकहो, २०१८ साली टेनेसीतल्या नॉक्सव्हिल इथल्या महिला बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात डेली आणि डिमॉस या दोघींचा एकाच वर्षी समावेश झाला. एक चाळीस वर्षं हललीच नाही, दुसरी जाऊन, बघून, परत आली. देवळाने दोघींना सारखाच नैवेद्य दाखवला, याचं मला फार बरं वाटलं. म्हणजे दुय्यम राहणं हा दोष नाही आणि पुण्यही नाही. ते आपण उघड्या डोळ्यांनी पत्करलं की डोळे मिटून, एवढाच काय तो हिशेब.

आम्ही मार्चमध्ये परत आलो. एप्रिलमध्ये तो संघ बाराव्यांदा राष्ट्रीय अजिंक्य झाल्याचं नातीने फोनवर सांगितलं. फोन ठेवला तर ही दारात पिशवी घेऊन उभी. "भाजी कुठली आणू?"

"तुला आवडेल ती," असं सवयीने तोंडावर आलं होतं. पण मी ते आवरलं. खुर्चीत सरळ बसलो आणि म्हणालो, "पडवळ."

ही दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. पडवळ आमच्याकडे कुणालाच आवडत नाही. मलाही नाही. पण निर्णय हा निर्णय. दोन्ही वेळा जेवलो, दुसऱ्या दिवशीही उरलेलं खाल्लं, आणि एका शब्दानेही सरांना मध्ये आणलं नाही.